आगोटीची वही

पावसजवळ आमची दीडशे हापूस कलमं आहेत. बाग ह्यांची, हिशेब माझा, गेली 22 वर्षं. वर्षाचा पैसा मार्च ते मे एवढ्यातच येतो आणि तो पुढच्या आंब्यापर्यंत पुरवायचा असतो. त्यामुळे पगारदारांसाठीचा 'दर महिन्याला एवढे बाजूला टाका' हा सल्ला आपल्याला जसाच्या तसा चालत नाही. माझा नियम असा: वाशीच्या बाजारातून शेवटची पट्टी, म्हणजे दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशेब, येऊन मृग लागेपर्यंत नव्या कागदावर सही करायची नाही. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झाली, पाऊस धरला, की पडवीत वही घेऊन बसायचं.

हा नियम नुकसानीतून आला. एका मे महिन्यात, खात्यात पैसे दिसत असताना, ओळखीतल्या एजंटाच्या शब्दावर आम्ही वर्षाला 40,000 रुपये हप्त्याची पॉलिसी घेतली. विमाही होईल, बचतही होईल असं वाटलं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. काढायला आलेला आंबा एका रात्रीत चिखलात गेला आणि हप्ता भरायला पैसे राहिले नाहीत. पॉलिसी मोडली तेव्हा भरल्यापेक्षा बरंच कमी हातात आलं. आंबा येवो न येवो, दरवर्षी ठरलेली रक्कम मागणारी कुठलीही गोष्ट बागायतदाराने दहादा विचार करून घ्यावी.

वहीचं पहिलं पान देण्याचं. कुणाचं किती, दर काय, आणि तो लावलाय कसा. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. 'फ्लॅट 12 टक्के' म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर. एक लाख तीन वर्षांसाठी घेतले तर 36,000 व्याज, महिन्याला सुमारे 3,778 रुपये. तेच 12 टक्के घटत्या शिल्लकीवर असतील तर हप्ता 3,321 आणि एकूण व्याज साधारण 19,600. म्हणजे फ्लॅट 12 हा खरं तर 21 टक्क्यांच्या आसपासचा दर झाला.

दलालाची उचलही, म्हणजे त्याच्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम, ह्याच पानावर लिहा. तिला व्याज नाही असं सांगतात, पण ती घेतली की माल त्याच्याकडेच पाठवावा लागतो. म्हणून एकाच दिवसाच्या, एकाच आकाराच्या फळाच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवा, आपली आणि उचल न घेतलेल्या शेजाऱ्याची. समजा पेटीमागे 50 रुपये कमी पडले आणि 400 पेट्या गेल्या, तर 20,000 गेले. उचल दोन लाखांची, सहा महिन्यांची असेल तर वर्षाला 20 टक्के दर पडला. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के, आणि वेळेत फेडलं तर त्यात 3 टक्क्यांची सवलत. ती 'वेळ' म्हणजे नेमकी कुठली तारीख हे शाखेत विचारून वहीत लाल शाईने लिहा; माझी वही तिथेच उघडते. महाग देणं आधी फेडायचं. 21 टक्क्यांचं कर्ज अंगावर ठेवून 7 टक्क्यांची ठेव करणं हा तोटाच आहे.

मग विमा. कमावत्या माणसाचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, आणि घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा, बचत त्यात मिसळायची नाही. बागेत झाडावर चढणाऱ्या प्रत्येक गड्याला मी बँकेत खातं आहे का विचारते. असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. घळीवरच्या उंच कलमावरून माणूस घसरताना मी पाहिला आहे, म्हणून हे दरवर्षी स्वतः बघते. फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या झाडाखाली किती फळ पडलं त्यावर नाही. आपल्या बागेला कुठलं केंद्र लागू आहे ते अर्ज करतानाच विचारून ठेवा.

उरलेल्यातून आधी वर्षाची घरखर्ची आणि पुढच्या हंगामाची खतं, फवारणी, राखण वेगळी काढा. ही रक्कम शेअर बाजाराच्या जवळपासही नेऊ नका. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला त्या बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं. सहकारी बँकांना ते आहे, पतसंस्थांना नाही. गावची पतसंस्था कितीही ओळखीची असली तरी हा फरक विसरू नये. किमान सात वर्षं लागणार नाही तेवढ्याच पैशाचा इंडेक्स फंड (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड), तोही एजंटाचं कमिशन नसलेल्या डायरेक्ट प्लॅनमधून आणि एकरकमी न टाकता लिक्विड फंडातून (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा फंड) महिन्या-महिन्याने वळवून.

कराबाबत एक गैरसमज आपल्याकडे सर्रास आहे: 'आंब्याला टॅक्स नाही.' स्वतःच्या बागेतला आंबा विकला तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर केंद्राचा आयकर नाही. पण दुसऱ्याचा आंबा विकत घेऊन पुढे विकला, रसाचे डबे भरले, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या, तर तो नफा तसाच करमुक्त राहत नाही. शिवाय इतर उत्पन्न मूळ सूटमर्यादेच्या वर गेलं, तर 5,000 रुपयांवरचं शेतीउत्पन्न कराचा दर ठरवताना धरलं जातं. मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि बागेच्या उत्पन्नात हिस्सा घेणाऱ्या मुलांनी हे नीट बघावं. पट्ट्या जपून ठेवा, पुरावा तोच.

गणपतीला मुलं घरी आली की आरतीनंतर मी वहीचं शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवते: खाती, पॉलिसी, कर्जं आणि प्रत्येकाचा नॉमिनी. नॉमिनी पैसे स्वीकारतो, म्हणून तो आपोआप मालक होतोच असं नाही, हे दोघांनाही समजावून सांगितलं आहे. गेल्या वर्षी बघितलं तर एका जुन्या ठेवीवर नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचंच नाव होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बँक उघडताच आम्ही ते बदललं.