ईन्यू आणि आंव: पोर्तुगीज प्रत्ययांशी पहिली ओळख

‘-ईन्यू’ म्हणजे लहान, ‘-आंव’ म्हणजे मोठं, हे नवशिक्याला पहिल्याच धड्यात कळतं. पण बोलण्यात या प्रत्ययांमधून आकारापेक्षा बोलणाऱ्याचा भाव जास्त कळतो. ब्राझीलमध्ये पाव ‘केंचीन्यू’ असतो तो जरासा गरम म्हणून नव्हे, छान ऊनऊन म्हणून.

सुरुवात -ईन्यूनेच करा. शब्दाचा शेवटचा स्वर बिनजोर असेल तर तो गाळून प्रत्यय लावायचा: गातू (बोका), गातीन्यू. शेवटच्या स्वरावर जोर असेल किंवा शेवट नाकातला असेल, तर मध्ये झ येतो: काफे, काफेझीन्यू, पांव, पांवझीन्यू. (आपला पाव तो हाच.) चुका होतात त्या लिहिताना. काफेच्या ‘ई’ या अक्षरावरची तिरकी रेघ प्रत्यय लागला की जाते. पांवच्या ‘ए’वरची नागमोडी रेघ मात्र राहते. काझा म्हणजे घर, त्याचं काझीन्या. कानाला झ ऐकू आला तरी लिहायचा ‘एस’, कारण तो मूळ शब्दातलाच आहे. झ-वाल्या शब्दांचं अनेकवचन करताना आधी मूळ शब्दाचं अनेकवचन करा, त्याचा शेवटचा ‘एस’ काढा आणि मग -झीन्यूस जोडा.

-आंव लागला की स्त्रीलिंगी शब्द पुष्कळदा पुल्लिंगी होतो. मुल्येर (स्त्री) स्त्रीलिंगी, पण मुल्येरांव, म्हणजे नजरेत भरणारी बाई, पुल्लिंगी! मित्राला निरोपाच्या शेवटी ‘अब्रासांव’, म्हणजे घट्ट मिठी, खुशाल लिहा. अनोळखी साहेबाच्या ईमेलमध्ये नको.

खरी फजिती रूढ झालेल्या शब्दांनी होते. पोर्ता म्हणजे दार, पोर्तांव म्हणजे फाटक, इथवर ठीक. पण काइशा म्हणजे खोकं आणि काइशांव म्हणजे शवपेटी. कामीझा म्हणजे शर्ट, म्हणून ब्राझीलमधल्या दुकानात छोट्या शर्टासाठी ‘कामीझीन्या’ मागाल, तर ते कंडोमचं नाव निघेल. तेव्हा नवा शब्द घडवला की आधी शब्दकोश उघडा.

बाकीचे प्रत्यय सध्या नुसते ओळखता आले तरी पुरे. -आसू कौतुकाचा: गोलासू, फुटबॉलमधला जबरदस्त गोल. -उदू शरीरावरून: बारिगुदू, ढेरपोट्या. -एकू तुच्छतेचा, लिव्रेकू म्हणजे फालतू पुस्तक. आपल्या ‘म्हातारडा’त जो डंख आहे तोच इथे, म्हणून हा परक्याच्या तोंडी लवकर झोंबतो. पोर्तुगालमध्ये -ईन्यूच्या जोडीला -ईतूही भरपूर ऐकू येतो, आणि तिथलं ‘ओब्रिगादीन्यू’ कधी प्रेमाचं, कधी टोमण्याचं असतं. कुठलं ते आवाजावरूनच कळतं, त्यामुळे लेखी वापरायची घाई करू नका.