पणजीत कामाला गेलात तर जुन्या तावेर्नसाठी (छोट्या दारूच्या बारसाठी) एक तास काढाच

कुडाळ-सावंतवाडीकडून पणजीला मीटिंगला जाणारे बरेचजण काम संपलं की सरळ परतीची बस धरतात, तसं करू नका. शेवटची मीटिंग पाचपर्यंत संपेल असं बघा, बॅग हॉटेलवर किंवा ऑफिसातच ठेवा आणि फोंताइन्यश या जुन्या वस्तीत चालत जा, कदंबा स्टँडवरनं पाटो पूल ओलांडला की जवळच आहे. दुपारी जाऊ नका, गोव्यात दुपारी बरीच दुकानं बंद असतात.

तिथल्या आणि बाजूच्या मळा भागातल्या गल्ल्यांत पोर्तुगीज काळातली घरं आहेत, त्यांच्यातच छोटी तावेर्नं, चार टेबलं आणि रोजची गिऱ्हाईकं. मार्च ते मे असेल तर उर्राकच मागा, ती काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या वाफेची दारू, हलकी असते, लिंबू-मीठ-हिरवी मिरची घालून मस्त लागते, नंतर वर्षभर मिळत नाही. बाकी दिवसांत फेणी, ती परत गाळलेली म्हणून कडक, काजू फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचा दर्जा) मिळालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेझेंटेशन असेल तर एकच पेग, पण मालकाशी गप्पा भरपूर मारा, खरी मजा त्यातच आहे. आणि गाडी चालवायची असेल तर नुसतं कोकम सरबत.