डेबियन या लिनक्स प्रणालीतील बिल्ड प्रमाणित करण्यापूर्वी
बिल्डवर, म्हणजे तयार केलेल्या सॉफ्टवेअर पॅकेजवर, डिजिटल स्वाक्षरी करणे म्हणजे हे पॅकेज याच सोर्स कोडपासून (प्रोग्रॅमच्या मूळ लिखित कोडपासून) तयार झाले आहे अशी हमी देणे. म्हणून आधी ते दुसऱ्या मशीनवर पुन्हा बिल्ड करावे. बिल्डइन्फो फाइलमध्ये मूळ बिल्डच्या वेळच्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदलेल्या असतात. त्याच वापराव्यात आणि मूळ आणि नव्याने बिल्ड केलेल्या पॅकेजच्या फाइलींचे शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ठशासारखी खूण) जुळवून पाहावेत. ते जुळले नाहीत, तर डिफोस्कोप हे फाइलींमधील फरक दाखवणारे साधन चालवावे. फरकाचे मूळ बहुधा वेळेच्या नोंदीत, फाइलींच्या क्रमात किंवा फोल्डरच्या मार्गात सापडते. हे काम चिकाटीचे आहे, आणि त्याचा सारा भार एकाच स्वयंसेवकावर टाकणे मला अन्यायकारक वाटते. सोर्सही स्वतंत्रपणे तपासावा, कारण २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या फाइली संकुचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात घातक कोड कार्यान्वित करणारा भाग गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या भांडारात) नव्हता, केवळ प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्स कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलीत) होता.