जमिनीवरची मॉडेल रेल्वे: मांडणी आणि सफाई

मॉडेल इंजिन जमिनीवर अडखळू लागलं की मोटर जळाली असं धरून लोक ते खोक्यात परत ठेवतात. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. आसाला केस गुंडाळलेला असतो, नाहीतर रुळांवर काळा थर चढलेला असतो. खालची कृती एचओ (१:८७) प्रमाणाच्या, १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

१. आधी सतरंजी, गालिचा उचला. त्यांचे धागे चाकांबरोबर थेट गिअरमध्ये जातात. फरशी झाडून, पुसून पूर्ण वाळू द्या. १८ इंच त्रिज्येच्या १२ वक्र तुकड्यांचं एक वर्तुळ होतं. त्याला सव्वा मीटर लांब-रुंद जागा पुरते. दाराचा पल्ला मात्र त्यावरून फिरता कामा नये.

२. खाली खडीसारखा प्लॅस्टिकचा तळ असलेलेच रूळ घ्या, म्हणजे चाकं फरशीपासून उंच राहतात. दोन्ही तुकडे सपाट ठेवून सरळ रेषेत सरकवा. तिरपे जोडले तर जोडपट्टी रुळाला न पकडता त्याच्या खाली शिरते. दिसायला सगळं ठीक दिसतं, पण सांध्यावरून नख फिरवलं की पायरी लागते. गाडी हटकून तिथेच घसरते.

३. लांबच्या टोकाला वेग मंदावत असेल तर आधी सैल सांधे घट्ट करा. तरीही फरक नसेल तर वीजपुरवठ्यापासून तिथे वायरींची दुसरी जोडी द्या. आतल्या रुळाची वायर आतल्याच रुळाला लावा, नाहीतर शॉर्ट सर्किट होईल.

४. रूळ पुसताना वीज बंद हवी. लाकडी ठोकळ्याला धागे न सुटणारं सुती कापड गुंडाळा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब टाका आणि कापडावर काळं उमटायचं थांबेपर्यंत घासा. सँडपेपर अजिबात नको. त्याच्या ओरखड्यांत मळ रुततो आणि रूळ आधीपेक्षा लवकर काळे पडतात.

५. इंजिनाची चाकं हाताने फिरवून पुसू नका, गिअरवर ताण येतो. सरळ रुळावर टिश्यू आडवा अंथरून अल्कोहोलने जेमतेम ओलसर करा. ठिणगी पडू शकते, म्हणून तो ओलाचिंब नको आणि खिडकी उघडी ठेवा. पुढची बोगी (म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा संच) टिश्यूवर, मागची उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हाताने धरा आणि निम्मा वेग द्या. टिश्यूवर दोन काळे पट्टे उमटतील. मग इंजिन उलटं वळवून मागची चाकं घ्या. हा उपाय दोन्ही बोग्यांतून वीज घेणाऱ्या इंजिनांसाठीच आहे. चाकांवर रबरी कडी असेल तर ती नुसत्या कोरड्या कापडाने पुसा.

६. इंजिन फोमवर उताणं ठेवा आणि टॉर्चच्या उजेडात चाक व चौकट यांच्या फटीत बघा. तिथले केस बारीक चिमट्याने सावकाश ओढा. डब्यांचे आसही तपासा. एक जाम चाक अख्ख्या गाडीला मागे खेचतं.

७. तेल प्लॅस्टिकला चालणारंच, आसाच्या टोकाला सुईच्या अग्रावर मावेल इतकंच. खोबरेल थंडीत गोठतं. जादा तेल रुळावर उतरतं, त्यावर धूळ बसते आणि सफाई पुन्हा चौथ्या पायरीपासून करावी लागते.