फुलकारी काढायची तर कापड उलटं धरा

फुलकारी म्हणजे पंजाबचं रेशमी धाग्याचं भरतकाम. ती शिकायला येणाऱ्या मुली आधी ट्रेसिंग पेपर काढतात. तो पिशवीतच राहू द्या. सैंची फुलकारीत माणसं, बैलगाड्या, आगगाड्या आखून घेत, ते सोडलं तर इथे छापा नसतो; कापडाचे धागे मोजायचे असतात. माझी आजी, आमची बीजी, १९४७मध्ये रावळपिंडीहून निघाली तेव्हा भरतकामाचं गाठोडं मागेच राहिलं. मोजणी तोंडपाठ होती, तेवढी नागपूरला आली.

कापड हातमागाची जाडसर खादीच घ्या. खादी भांडारात उजेडाकडे धरून पाहा, धागे डोळ्यांना मोजता आले पाहिजेत. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. घरी आणल्यावर आधी धुवा, मागाहून आटलं तर टाके ढिले पडतात. धागा बिनपिळाचा रेशमी, त्याला पाट म्हणतात. शिकायला रेयॉनचाही चालतो, नागपूरच्या इतवारी बाजारात विचारा.

आता खरं काम. कापडाची उलटी बाजू स्वतःकडे. सुई खाली घाला, पाच धागे मोजून वर काढा, एकच धागा ओलांडून परत खाली. आपल्याला नुसते बारीक ठिपके दिसतात. चमकणारे लांब टाके सगळे पलीकडे. गाठ मारायची नाही, टोक चार-सहा धाग्यांखालून फिरवून घ्यायचं. टाका अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लांब झाला की बांगडीत अडकलाच म्हणून समजा. मे महिन्यात सकाळीच बसा. उन्हं चढली की घामाने रेशीम बोटांना चिकटतं आणि कूलरसमोर धागा जागेवर राहत नाही.

नक्षी कोणती? बीजीने गव्हाच्या ओंब्यांशेजारी संत्रं काढलं, तेव्हा अमृतसरच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. सगळं कापड भरून टाकणाऱ्या फुलकारीला बाग म्हणतात; काकडी बाग, मिर्ची बाग, गोभी बाग पंजाबात जुनेच, मग संत्र्यानेच काय घोडं मारलंय? आम्ही राहतो नागपुरात!

गोल आकार मोजणीत नीट बसत नाही, म्हणून पायऱ्या-पायऱ्यांचा चौकोन धरा, टोकावर उभा. त्याचे चार त्रिकोण करा: दोघांत टाके उभे, दोघांत आडवे. रंग एकच, केशरी. तरी उजेड वेगवेगळा पडून फोडींच्या दोन छटा दिसतात. बीजी कोपऱ्यातली एक फोड मुद्दाम हिरवी ठेवायची, नजर लागू नये म्हणून. तुम्हाला पटत नसेल तर केशरीच भरा.