कोणाला पटकन "चूक" ठरवलंत की हे करून बघा

परवा सकाळी राजवाड्यापाशी पोहे-जलेबी खाता खाता मावशी म्हणाली, आपल्या जुन्या वाड्यातल्या एका शेजाऱ्याने आईला वृद्धाश्रमात ठेवलं. माझी जलेबी हातातच आणि तोंडातून निघालंच, "लाज नाही वाटली?" "अगं, त्याची आई स्वतःच म्हणाली जायचं म्हणून," मावशी. बरं, पण आबाळ होईल. तिथे रात्रंदिवस नर्स असते म्हणे. मग लोक काय म्हणतील? "लोक म्हणजे तूच ना," मावशी. कारणं संपली, तरी मी आपली "पण हे बरोबर नाहीच" वरच!

जोनाथन हाइट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००१ साली हेच मांडलं, की बऱ्याचदा निकाल आधी लागतो, कारणं मागून येतात. तो म्हणतो मन म्हणजे हत्ती (झटकन उठणारी भावना) आणि वर बसलेला माहूत (कारणं देणारी बुद्धी), हत्ती वळतो तिकडे माहूत वळतो आणि लोकांना सांगत सुटतो की मीच वळवला.

तर करायचं काय. राग आला की मोबाईलमध्ये आपली कारणं लिहून काढा आणि एकेकापुढे एकच प्रश्न टाका, हे खोटं निघालं तर माझं मत बदलेल का? नाही बदलणार? मग खोडा, ते आधीच लागलेल्या निकालाची वकिली करणारं कारण. माझी चार होती, तीन खोडली गेली, चौथं उरलं ते खरं होतं: आपल्या आईचं असं झालं तर, ही भीती. म्हणजे त्या बिचाऱ्याचा काही संबंधच नाही.

एकटं बसून विचार करून फारसं होत नाही हं, कारण माहूत त्याच हत्तीचा नोकर. हाइटही म्हणतो की मत बदलतं ते जास्त करून दुसऱ्यांमुळे. म्हणून आवडतं पण आपल्याशी पटत नाही असं एक माणूस धरा (व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, तिथे सगळे हत्तीच).

आणि दरवेळी हत्ती चुकतो असंही नाही, लहान मुलाला कोणी बडवताना दिसलं तर लिस्ट बनवत बसू नका, जाऊन थांबवा.

मूड गेलेलाच असेल तर दुसऱ्यासाठी थोडे पैसे खर्च करा. २००८ मध्ये एलिझाबेथ डन आणि तिच्या साथीदारांनी लोकांना ५ किंवा २० डॉलर देऊन पाहिलं, दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी जास्त खूश होते, रक्कम कितीही असो. मी रविवारी मावशीबरोबर त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, भेटायला चाललेय, खोपरा पॅटिस घेऊन, त्यांना फार आवडायचे. त्याला फोन करायची हिंमत अजून नाही झाली.