धाब्याचे घर, दादर ज्वारी आणि थोडी रोकड : खान्देशात कमी खर्चात राहण्याची रीत

शहरातले भाडे किंवा घराचा हप्ता, आणि त्या हप्त्यापायी धरून ठेवलेली नोकरी, हे दोन्ही सोडून गावात साधेपणाने राहायचे असे ठरवलेला माणूस खान्देशात आला की बहुधा सर्वांत आधी जमिनीचा भाव विचारतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कितीतरी गावठाणांत धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे कुलूपबंद उभी आहेत. त्यांचे मालक पोटापाण्यासाठी सुरतेला, नाशिकला किंवा पुण्याला गेले आहेत आणि वर्षानुवर्षे धाब्यावर माती न पडल्याने ती घरे हळूहळू बसत चालली आहेत. नवे काही बांधण्याआधी असे एक घर डागडुजीच्या बोलीवर राहण्यास मागावे. मालकाचे घर टिकते, आपले भाडे नाममात्र होते, आणि उभ्या भिंती वापरल्याने सिमेंट-विटांचा खर्चही टळतो.

बोली तोंडी ठेवू नये. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरांच्या नोंदवहीत) कोणाच्या नावावर आहे, घरपट्टी किती वर्षांची थकली आहे आणि विजेचे मीटर चालू आहे की थकबाकीपोटी काढून नेले आहे, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. जुने घर सहसा एकाचे नसते; आजोबांच्या नावावरच्या घरात चार भाऊ आणि दोन बहिणी यांचे हिस्से असतात, आणि घर नीटनेटके दिसू लागले की विसरलेले हिस्सेदारही आठवण काढतात. म्हणून सर्व वारसांची संमती, डागडुजीचा खर्च कोणी करायचा आणि किमान किती वर्षे राहायचे, हे साध्या मराठीत लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यानुसार खान्देशात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, मोठ्या प्रमाणावर जमीन आदिवासींची आहे आणि ती बिगरआदिवासीकडे जाण्यावर महसूल कायद्याचे स्वतंत्र निर्बंध आहेत. ‘सगळे करून देतो’ असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर चहा घेऊन उठावे. ज्याच्या कुटुंबाच्या नावावर सातबारा नाही त्याने वहिती मालकाचीच ठेवून श्रम आणि बियाणे यांत भागीदारी करावी आणि आपला वाटा धान्याच्या रूपाने घ्यावा. मालकांना कुळाचा दावा लागण्याची धास्ती असते, ती अवाजवी समजू नये. बोलणे एका वर्षापुरतेच करावे. खान्देशात सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे) साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते आणि शेतीचे बहुतेक व्यवहार त्याच सुमारास ठरतात, त्यामुळे हे बोलणेही आखाजीच्या आधी करावे. पांझरा नदीच्या काठी, जिथे जुनी फड पद्धत अजून चालते, तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या एका फडात (शेतांच्या गटात) सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते आणि पाणी पाटकऱ्याच्या, म्हणजे पाणी वाटणाऱ्या माणसाच्या, हातून मिळते. तिथे आपल्या मनासारखी परसबाग फुलवता येत नाही. पण पाण्यासाठी भांडणेही करावी लागत नाहीत.

आता घराविषयी, आणि इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण धाबे समजले की अर्धे काम झाले. खांबांवर सर (जाड तुळया), सरांवर कड्या (आडवी लाकडे), कड्यांवर किलचण (लाकडाच्या चिपा), त्यावर पळसाची पाने किंवा तुराट्या, त्यावर मातीचा थर आणि सर्वांत वर खारी माती, अशी ही रचना असते. खारी मातीचे काम मोलाचे असते. तिच्यात सोडियमचे क्षार जास्त असल्याने पहिल्या सरीबरोबर तिचे बारीक कण फुगून एकमेकांत घट्ट बसतात आणि नंतरचे पाणी खाली न झिरपता पन्हाळीकडे वाहते. मी पहिल्या वर्षी शेजाऱ्यांचे न ऐकता शेतातली काळी माती वर पसरली, कारण ती फुकट होती. उन्हात तिला बोटभर रुंद भेगा पडल्या आणि मृगाचे पाणी थेट पिठाच्या डब्यात आले. गावात खारी कुठून आणतात हे जाणत्या माणसाला विचारावे आणि ती वैशाखातच टाकून घ्यावी. आभाळ भरून आल्यावर गडीही मिळत नाही आणि बैलगाडीही.

दरवर्षी नुसता नवा थर चढवत जाणे मात्र धोक्याचे आहे. अर्धा फूट जाडीच्या कोरड्या मातीचे वजन एका चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो भरते आणि भिजल्यावर ते आणखी वाढते. वीस वर्षांचे थर साचलेले धाबे एखाद्या मुसळधार रात्री कड्यांसह खाली येऊ शकते. म्हणून आधी उगवलेले गवत मुळांसकट उपटावे, जुना सैल थर खरवडून खाली टाकावा, उतार पन्हाळीकडेच आहे ना हे बादलीभर पाणी ओतून पाहावे आणि मगच नवी खारी पसरून धुम्मसाने ठोकावी. प्रत्येक सराचे भिंतीत शिरणारे टोक सळईने टोचून तपासावे. लाकूड सर्वांत आधी तिथेच कुजते आणि उधईही तिथूनच चढते. सळई सहज आत गेली तर त्या सराखाली नवा खांब दिल्याशिवाय त्या खणात झोपू नये. हे काम सुताराकडूनच करून घ्यावे. इथे काटकसर दाखवू नये.

भिंती बहुधा पांढरीच्या (गावठाणातल्या पांढुरक्या) मातीच्या असतात. त्यांना सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह टाळावा. मातीची भिंत ओल बाहेर सोडत असते आणि सिमेंटच्या कवचामागे ती ओल कोंडली की भिंत आतून भुसभुशीत होते. पांढरी माती, गव्हाचे भूस आणि शेण यांचा गारा आठ दिवस भिजत ठेवून लिंपण करावे. हाताशी असलेली माती लिंपणाला योग्य आहे का हे पाहण्यासाठी तिचा लाडू वळून चार दिवस सावलीत वाळवावा : तो तडकला तर चिकणमाती जास्त आहे, बोटाने भुगा झाला तर वाळू जास्त आहे. अशा हातभर जाडीच्या भिंतींचा खरा उपयोग मे महिन्यात कळतो, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. मात्र घर आपोआप गार राहत नाही. रात्रभर दारे-खिडक्या उघड्या ठेवायच्या, सकाळी नऊच्या आत बंद करायच्या आणि सूर्य मावळेपर्यंत उघडायच्या नाहीत, ही शिस्त पाळावी लागते. झोपायला धाबे आहेच.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, पण तो कागदावर करावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. धाब्याचे पाणी मातकट असल्याने पिण्यास उपयोगी नाही, म्हणून अंगणात किंवा गोठ्यावर वीस चौरस मीटर पत्रा टाकावा. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले तरी ९,६०० लिटर पाणी मिळते. चार माणसांना पिण्यास व स्वयंपाकास दररोज वीस लिटर लागले तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत सुमारे ४,८०० लिटर पुरते. म्हणजे पाऊस निम्माच झाला तरी तहान भागते. पहिल्या दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली आणि अंधारी असावी, तोंडाला दुहेरी फडके बांधावे आणि पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. वापराचे पाणी गावाच्या नळावर किंवा विहिरीवर अवलंबून राहणारच. स्वतःची कूपनलिका खोदण्याच्या मी विरुद्ध आहे : खर्च मोठा, पाणी लागेलच याची खात्री नाही, आणि लागले तर ते शेजाऱ्याच्या विहिरीतलेच असते.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचे असावे. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरावा. मी बंद खड्डा दीड वर्ष उघडत नाही आणि नंतर निघणारे कोरडे खत झाडांना घालतो. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, त्यामुळे खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा आणि विहिरीपासून भरपूर अंतर राखावे. न्हाणीचे पाणी केळी आणि अळूला सोडावे.

धान्यासाठी माझा भर दादरवर आहे. ही रब्बी ज्वारी तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवरच येते, तिला पाण्याच्या पाळ्या लागत नाहीत, आणि कडबा गुरे असलेल्या शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडून दूध किंवा शेण घेता येते. रोज भाकरी खाणाऱ्या दोन माणसांना वर्षाला सव्वादोन ते अडीच क्विंटल ज्वारी धरावी; त्यात उडीद मिसळून दळले की कळण्याची भाकरी होते आणि जेवणात डाळीची भर पडते. तूर बांधावर किंवा कपाशीत पाटा पद्धतीने (ठरावीक ओळींनंतर एक ओळ) येते. वांगी, मिरच्या आणि लसूण परसात लावावेत. भाजी महाग असलेल्या उन्हाळ्यासाठी हिवाळ्यातच गवार, वांगी, मेथी सुकवून ठेवण्याची आणि ऊन तापू लागले की बिबडे (ज्वारीचे पापड) व कुरडया करण्याची जी रीत गावातल्या बायका पाळतात, ती शिकून घ्यावी. पण हात बसेपर्यंत त्यांच्या अंगणात जाऊन मदत करावी, नुसती कृती विचारून परत येऊ नये.

सरपणासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या (वाळलेली झाडे) मुबलक असतात. वेचणी संपल्यावर शेतकऱ्याला विचारून त्या उपटून आणाव्यात. मात्र उन्हाळ्याअखेर संपतील एवढ्याच आणाव्यात, कारण साठवलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात गावाच्या कपाशीवर येते. चूल अंगणात किंवा धूर निघून जाईल अशा पडवीत असावी. चार-पाच गुरे असतील तरच गोबरगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला दररोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, आणि विकतच्या शेणावर ते चालवण्यात अर्थ नाही. मीटर परत मिळत नसेल तर सौर पॅनेल पुरते : नऊ वॅटचे चार दिवे पाच तास आणि तीस वॅटचा पंखा दहा तास चालवण्यास सुमारे ४८० वॅट-तास लागतात. २०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हात ते सहज भरून काढते. आषाढ-श्रावणात पंखा बंद ठेवावा लागतो, इतकेच.

एवढे करूनही रोकड लागतेच. तेल, मीठ, औषधे, फोन, मुलांची शाळा, लग्नकार्यातला आहेर आणि आरोग्यविम्याचा हप्ता शेतातून उगवत नाही. आधी वर्षभराच्या अशा खर्चाची यादी करावी आणि मग तेवढ्याच उत्पन्नाचे काम पाहावे : शिलाई, सायकल-पंप दुरुस्ती, शिकवणी, घरून होणारे हिशेबाचे किंवा भाषांतराचे काम. हंगामात कापूस वेचायला जरूर जावे, पण ती मिळकत घरखर्चाचा पाया समजू नये. दिवसभर वाकून नवशिक्याच्या ओटीत किती कापूस पडतो हे पहिल्याच संध्याकाळी काट्यावर दिसते. आरोग्यविमा मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. साप-विंचवाच्या गावात राहताना जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन असते आणि रात्री तिथे कोणाच्या गाडीने जायचे, हे आधी ठरवून ठेवावे. झोपायला खाट वापरावी.

नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी या घरात राहून पाहावे, आणि तेही दिवाळीनंतर नव्हे. मार्गशीर्ष-पौषात शेकोटीवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि हरभऱ्याचा हुळा खाताना कोणालाही खान्देशात कायमचे राहावेसे वाटते. रजा काढायची तर चैत्राच्या शेवटापासून श्रावणापर्यंतची काढावी : उन्हाच्या झळा, खारी टाकण्याची घाई, पहिला पाऊस, गळणारा कोपरा, पेरणीच्या दिवसांत मोकळे नसलेले शेजारी आणि ओले सरपण, हे सर्व त्या चार महिन्यांत भेटते. त्या काळात रोजचा खर्च वहीत लिहावा आणि श्रावण संपल्यावर ती वही घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावी.